एरिक चिझम : पिब्रॉखपासून श्री रागापर्यंत

पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेला एक कॉन्चेर्टो आहे. त्याचा पहिला भाग आसावरीवर उभा आहे, दुसरा श्री रागावर, तिसरा वसंतीवर. नाव ‘हिंदुस्थानी’. लिहिणारा ग्लासगोचा, स्कॉटलंडच्या हायलंड या डोंगराळ मुलखातल्या बॅगपाइप संगीतात मुरलेला. आणि हा कॉन्चेर्टो आहे १९४९ सालचा, म्हणजे तो केपटाउनला प्राध्यापक होता तेव्हाचा. एरिक चिझम हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून सहसा गेलेलं नसतं. त्याच्या मायदेशातही मृत्यूनंतर कित्येक वर्षं ते फारसं कुणी घेत नव्हतं.

ज्याच्या संगीताचा एक मोठा हिस्सा आपल्या रागांशी बोलतो, त्याचं चरित्र मराठीत असावं, एवढं कारण हे पुस्तक लिहायला पुरेसं होतं. लिहिता लिहिता दुसरं एक कारण पुढे आलं आणि आता मला तेच मोठं वाटतं. युरोपातल्या संगीतकारांनी भारताकडे पाहिलं ते बहुतेक वेळा रंगासाठी. देलिबचा १८८३ सालचा ‘लाक्मे’ हा ऑपेरा घ्या. कथा भारतातली, नायिका ब्राह्मणाची मुलगी, तिचं घंटांचं गाणं जगभर गाजलेलं. पण त्या सुरावटीचं आपल्या संगीताशी काही नातं नाही. चिझमचं तसं नाही. रागांकडे वळला तेव्हा तो चाळिशीत होता, आणि त्याआधीची बरीच वर्षं त्यानं स्वतःच्या देशातल्या एका तितक्याच शिस्तीच्या संगीताशी झुंज घेतली होती. रागात त्यानं व्याकरण शोधलं, कारण ते शोधायची सवय त्याला घरीच लागली होती. ते संगीत म्हणजे पिब्रॉख, आणि ते कळल्याशिवाय चिझमचा श्री राग कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या प्रस्तावनेत पिब्रॉखसाठी जरा जास्तच जागा घेतली आहे.

आधी थोडं त्याच्या घडणीविषयी. जन्म ४ जानेवारी १९०४, ग्लासगोच्या दक्षिणेला असलेल्या कॅथकार्टमध्ये. वडिलांचा घरं रंगवण्याचा व्यवसाय होता. मुलाची प्रकृती तोळामासा, त्यामुळे तेराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. संगीत मात्र सुटलं नाही. पॅट्रिक मॅकडोनल्ड नावाच्या पाद्र्यानं हायलंडमधल्या गाण्यांच्या चाली गोळा करून १७८४ साली छापल्या होत्या. तो संग्रह चिझमच्या हाती लहानपणीच पडला आणि त्याला जन्मभर पुरला. त्यातल्या चालींवर तो पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. पियानोचे धडे त्यानं लेव्ह पुइश्नॉफ या रशियन वादकाकडे घेतले. ऐन विशीत कॅनडात नोव्हा स्कोशियाला जाऊन चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, शाळेत संगीत शिकवलं आणि १९२८ साली तो परत आला. विद्यापीठात जायचं तर शाळेचा दाखला नव्हता. जाणकारांच्या शिफारसपत्रांवर एडिंबरा विद्यापीठानं त्याला घेतलं. तिथे डोनाल्ड टोव्हीसारखा गुरू मिळाला. १९३१ मध्ये पदवी आणि १९३४ मध्ये डॉक्टरेट झाली. शाळा अर्धवट सोडलेला मुलगा तिशीत संगीताचा डॉक्टर झाला होता.

आता पिब्रॉख. बॅगपाइप म्हटलं की आपल्याला लष्करी संचलन आठवतं, लग्नाच्या वरातीतला पाइप बँड आठवतो. पिब्रॉख म्हणजे ते नव्हे. ते हायलंड पाइपचं अभिजात संगीत. एकटा वादक सावकाश पावलं टाकत एकच रचना दहा-पंधरा मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ वाजवतो. सुरुवातीला येते ती मूळ सुरावट. तिला गेलिक भाषेत ‘उर्लार’ म्हणतात, म्हणजे जमीन. ती अतिशय संथ असते. मग त्या जमिनीवर एकेक मजला चढत जातो. सुरावटीतले आधाराचे स्वर तेवढे ठेवले जातात आणि त्यांच्याभोवती अलंकारांचे ठरावीक गुच्छ बांधले जातात. पायरीगणिक हे गुच्छ अधिक दाट आणि वेगवान होत जातात आणि शेवटी बोटं जवळजवळ दिसेनाशी होतात. तेवढ्यात वादक पुन्हा मूळ संथ उर्लारवर येऊन थांबतो. विलंबित ख्याल ऐकलेल्या माणसाला ही चढण आणि हे परत येणं समजावून सांगावं लागत नाही.

वाद्याचा स्वभाव इथे नीट पाहायला हवा, कारण या संगीताचं सगळं व्याकरण त्यातूनच निघालं आहे. पिशवीत हवा भरलेली असते, त्यामुळे आवाज थांबत नाही. वादकाला विराम घेता येत नाही. आवाज लहानमोठाही करता येत नाही. खर्ज धरणाऱ्या तीन नळ्या अखंड वाजत असतात, आपल्या तानपुऱ्याचं काम त्या करतात. सुरावटीच्या नळीवर स्वर फक्त नऊ. आता एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा असेल तर? मध्ये थांबता येत नाही, जोर देता येत नाही. मग दोहोंच्या मध्ये एक निमिषभराचा कणस्वर टाकून तो स्वर कापावा लागतो. आघात, वजन, उठाव हे सगळं या कणस्वरांतूनच येतं. आपण ज्याला सजावट समजू, ती इथे वाक्यरचना आहे. कण काढून टाकला तर अर्थच हरवतो.

आणि हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलं. स्काय बेटावरचे मॅकक्रिमन हे मॅकलाउड सरदारांचे वंशपरंपरागत पाइपवादक. या परंपरेत गुरू शिष्याला धून गाऊन शिकवी, तीही ठरलेल्या अक्षरांत. मोठ्या स्वरांना स्वराक्षरं, कणस्वरांना व्यंजनं, अशी साधारण रीत. तबल्याचे बोल तोंडपाठ असल्याशिवाय हात ठेवू न देणारे आपले उस्ताद आठवावेत. एकोणिसाव्या शतकात हे संगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत मोठ्या प्रमाणावर उतरवलं गेलं तेव्हा ते टिकलं खरं, पण लयीची मोकळीक कागदावर आली नाही.

ग्लासगोत वाढलेल्या, युरोपचं नवं संगीत वाजवणाऱ्या तरुण पियानोवादकाला यात संधी दिसली. अडचणही मोठी होती. पाइपचा स्वर अखंड. पियानोचा स्वर हातोडी पडल्याक्षणी विरू लागतो. पाइपचे स्वर पियानोच्या समान वाटणीच्या सप्तकात नेमके बसतही नाहीत. तेव्हा पियानोवर पाइपची नक्कल करणं शक्यच नव्हतं. उरली ती रचनेची रीत: संथ जमीन, थर चढवत नेणं, कणस्वरांनी आघात घडवणं, खर्ज धरून त्याच्यावर टक्कर देणारे स्वर ठेवणं. १९३० मध्ये लिहिलेला आणि १९३७ मध्ये सुधारलेला त्याचा पहिला पियानो कॉन्चेर्टो, ‘पिब्रॉख’, यातूनच उभा राहिला. मला त्याच्याहून अधिक जवळची वाटते ती १९३९ ची पियानो सोनाटा. त्या वर्षी १ जून रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात ‘थेटिस’ ही नवी पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली आणि ९९ माणसं गेली. सोनाटाचा संथ भाग हा त्यांच्यासाठी केलेला शोक आहे. पिब्रॉखमध्ये मृतांसाठीच्या रचनांचा मोठा साठा आहे. जुन्या सरदारांसाठी घडलेला तो साचा चिझमनं बंद पोलादी खोलीत गुदमरलेल्या खलाशी-कामगारांसाठी वापरला, आणि तो कुठेही उसना वाटत नाही.

एवढं लिहिणारा माणूस त्याच काळात दुसऱ्यांच्या संगीतासाठी अक्षरशः राबत होता. १९२९ मध्ये त्यानं मित्रांबरोबर ग्लासगोत समकालीन संगीताच्या प्रचारासाठी एक संस्था काढली. पंचविशीतला तरुण, हाताशी पैसा बेताचा, शहर जहाजबांधणीचं आणि मंदीच्या तोंडावर आलेलं. तरी तिथे हिंडेमिट आला, शिमानोव्स्की आला, कासेला, मेट्नर, वॉल्टन आले. त्यांनी आपापलं संगीत स्वतः वाजवलं. लंडनला न मिळालेल्या संध्याकाळी ग्लासगोला मिळाल्या.

त्यातली एक संध्याकाळ मुंबईशी धागा जोडते. कैखुसरू शापुरजी सोराबजी हा विलक्षण संगीतकार जन्मला इंग्लंडमध्ये, आई इंग्रज. पण वडील शापुरजी सोराबजी मुंबईचे पारशी स्थापत्य अभियंता. सोराबजी स्वतःला इंग्रज म्हणवून घ्यायला कधीच तयार नसे. त्याची ‘ओपस क्लाव्हिचेम्बालिस्टिकम’ ही पियानोरचना २५२ पानांची, वाजवायला सुमारे चार तास लागणारी. १ डिसेंबर १९३० रोजी चिझमच्या संस्थेच्या मंचावर सोराबजीनं ती स्वतः वाजवली. संपूर्ण रचना त्यानं जाहीरपणे वाजवली ती तेवढी एकदाच. पुढे त्यानं आपलं संगीत इतरांनी जाहीरपणे वाजवण्यालाच विरोध केला आणि ती रचना कित्येक दशकं दंतकथा होऊन राहिली. ती अर्पण केलेली आहे ह्यू मॅकडायर्मिड या स्कॉटिश कवीला. मुंबईच्या पारशाचा मुलगा, स्कॉटलंडचा कवी आणि ग्लासगोचं सभागृह: हा योग जुळवून आणणारा माणूस चिझम होता. त्याची आणि सोराबजीची मैत्री घट्ट होती आणि चिझमनं सोराबजीवर निबंधही लिहिला.

हंगेरियन संगीतकार बार्टोक १९३२ आणि १९३३ असा दोनदा ग्लासगोला आला आणि चिझमच्या घरी उतरला. यजमानानं त्याच्यापुढे पिब्रॉख ठेवलं. हंगेरी आणि रुमानियाच्या खेड्यांत मेणाच्या नळ्यांवर लोकगीतं ध्वनिमुद्रित करत फिरलेला तो माणूस हे सोडणार नव्हताच. ग्लासगोच्या दुकानांतून तो परतला तो एक टार्टन घोंगडी, पाइपची सुरावटीची नळी आणि मिळाली तेवढी छापील पिब्रॉखची पुस्तकं घेऊन. चिझमला पुढे ‘मॅकबार्टोक’ असं टोपणनाव पडलं. ते कौतुकानं दिलेलं असलं तरी मला खटकतं. बार्टोकनं त्याला धीर दिला असेल, रीत दाखवली असेल. पण ‘पिब्रॉख’ कॉन्चेर्टोचा पहिला आराखडा बार्टोक दारात येण्याच्या दोन वर्षं आधीचा आहे.

ऑपेराची कामगिरी इथे धावतीच सांगतो, पुस्तकात तिला स्वतंत्र प्रकरण आहे. ग्लासगोच्या हौशी मंडळींना घेऊन त्यानं १९३४ मध्ये मोझार्टचा ‘इडोमेनेओ’ आणि १९३५ मध्ये बर्लिओझचा ‘ट्रोजन्स’ उभा केला. दोन्हींचे ब्रिटनमधले ते पहिलेच प्रयोग.

युद्ध आलं. दृष्टी अधू आणि एक हात वाकडा, म्हणून सैन्यात त्याला घेतलं नाही. तो कार्ल रोझा ऑपेरा कंपनीत ऑर्केस्ट्रा चालवू लागला, मग एका बॅले मंडळीबरोबर इटलीत फिरला. शेवटी सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम करणाऱ्या ‘एन्सा’ या ब्रिटिश संस्थेचा आग्नेय आशियासाठीचा संगीत संचालक म्हणून तो भारतात आला. इथे त्यानं वेगवेगळ्या वंशांच्या वादकांचा एकत्र ऑर्केस्ट्रा बांधला. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मध्ये ज्याला आपण पुढे पडद्यावर पाहिलं तो नट जॅक हॉकिन्स तेव्हा एन्साचा कर्नल होता, त्याच्याशी चिझमचं भांडण झालं आणि चिझमची रवानगी सिंगापूरला झाली. तिथे युद्धातून नुकत्याच उठलेल्या शहरात त्यानं पुन्हा तसाच मिश्र ऑर्केस्ट्रा जमवला. त्याचा अग्रणी व्हायोलिनवादक शिमॉन गोल्डबर्ग. बर्लिन फिलहार्मोनिकचा हा एकेकाळचा कॉन्सर्टमास्टर. ज्यू म्हणून नाझींच्या काळात बर्लिन सुटलं आणि पुढे जावा बेटावर जपान्यांच्या छावणीत वर्षं गेली. चिझमनं त्याच्या हाती पुन्हा ऑर्केस्ट्राची पहिली खुर्ची दिली.

भारतातला मुक्काम फार मोठा नव्हता, परिणाम मात्र पुढची कित्येक वर्षं टिकला. १९४४ ते १९५१ या काळातली सहा निशागीतं, १९४९ चा ‘हिंदुस्थानी’ कॉन्चेर्टो आणि १९५० चा व्हायोलिन कॉन्चेर्टो, हा त्याचा रागांचा काळ. व्हायोलिन कॉन्चेर्टोत पहिला भाग वसंतीत आहे, तिसऱ्यात सोहनी आहे. १९५२ मध्ये केपटाउनच्या महोत्सवात तो पहिल्यांदा वाजवला तो गोल्डबर्गनंच. निशागीतांमध्ये तर हायलंडच्या जुन्या कवींची रात्र आणि हिंदुस्थानी राग एकाच जागी आले आहेत. मला त्यात जराही जोडाजोड दिसत नाही. खर्ज, त्यावर संथ उलगडणारी सुरावट, वर्ज्य स्वरांचा धाक, हळूहळू चढत जाणारी लय. हे त्याच्या बोटांत रागाआधीच बसलेलं होतं.

तरीही आपल्या कानांनी त्याला सवलत द्यायचं कारण नाही. श्री हा अवघड राग आहे. त्याचा जीव कोमल रिषभात, आणि तो रिषभ साधा कोमल नव्हे. तो खाली ओढलेला, पंचमापासून मींडेनं उतरत येणारा, सूर्यास्ताच्या वेळेचं गांभीर्य घेऊन येणारा. पियानोत मींड नाही. पियानोचा कोमल रिषभ एकाच जागी खिळलेला. गायकाला जे सर्वस्व वाटतं ते इथे मुळातच गैरहजर आहे. मग उरतं काय? माझ्या मते उरतो तो स्वरांचा नियम आणि त्या नियमाखाली आलेला ताण. कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि कोमल धैवत एकाच सप्तकात नांदताना जी अस्वस्थता तयार होते, ती ऑर्केस्ट्रात थरांनी वाढवता येते. चिझमनं हा भाग मूळ सुरावट आणि तिच्यावरची रूपांतरं अशा बांधणीत लिहिला, आणि ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. ही उर्लारचीच रीत आहे. रागाला त्यानं आपल्या घरातल्या सर्वांत मानाच्या आसनावर बसवलं.

त्याच्या आधी या वाटेनं गेलेले इंग्रज संगीतकार होते. होल्स्टनं संस्कृत शिकून ‘सावित्री’ लिहिली, जॉन फोल्ड्स भारतात येऊन रेडिओवर काम करत १९३९ मध्ये कलकत्त्यालाच वारला. फोल्ड्सवर वेगळं पुस्तक व्हायला हवं. पण रागाच्या घडणीला स्वतःच्या परंपरेतून उत्तर देणारा संगीतकार म्हणून चिझमची जागा मला या सगळ्यांत निराळी वाटते.

केपटाउनला तो १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकन कॉलेज ऑफ म्युझिकचा प्रमुख आणि प्राध्यापक म्हणून गेला, आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. पुन्हा तेच: दुसऱ्यांसाठी धडपड. युद्धकैदी म्हणून आलेला इटालियन गायक ग्रेगोरिओ फियास्कोनारो याला हाताशी धरून त्यानं विद्यापीठाची ऑपेरा कंपनी उभी केली आणि तिला घेऊन ब्रिटन गाठलं. बार्टोकचा ‘ब्लूबियर्ड’ ब्रिटनमध्ये रंगमंचावर प्रथम आला तो १९५७ साली, या केपटाउनच्या मंडळींकडून. यानाचेकच्या ऑपेरांवरचं त्याचं पुस्तक तो गेल्यावर, १९७१ मध्ये निघालं. रोनाल्ड स्टीव्हन्सन या तरुण स्कॉटिश संगीतकाराला त्यानं शिकवायला बोलावून घेतलं. स्टीव्हन्सनच्या प्रचंड ‘पासाकाल्या’चा पहिला प्रयोग १० डिसेंबर १९६३ रोजी केपटाउनलाच झाला.

या वर्षांवर वर्णभेदाची सावली आहे आणि ती या पुस्तकात मी झाकलेली नाही. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली, १९५९ च्या कायद्यानं विद्यापीठांची दारंही वर्णावर वाटली गेली. सर्व वंशांचे वादक एका मंचावर बसवण्यात ज्यानं धन्यता मानली, त्याला या देशात सरकारी चौकटीतल्या संस्थेत काम करावं लागलं. ही कोंडी त्याच्या तिथल्या आयुष्याचा भाग आहे. तिला बगल देऊन त्याची केपटाउनमधली कामगिरी मोजता येणार नाही.

८ जून १९६५ रोजी हृदयविकारानं तो गेला. वय ६१. मागे शंभराहून अधिक रचना, त्यातल्या अनेक हस्तलिखितातच. विस्मरणाची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. लंडनला तो फार स्कॉटिश वाटला, स्कॉटलंडला फार आधुनिक. उमेदीची वर्षं त्यानं इतरांच्या रचना मंचावर आणण्यात घालवली, आणि स्वतःच्या रचना छापून घेण्याच्या बाबतीत तो कायम मागे राहिला. त्याला परत आणण्याचं श्रेय त्याच्या मुलीला, २००९ मध्ये त्याचं सविस्तर चरित्र लिहिणाऱ्या जॉन पर्सरला आणि पियानोरचनांचं ध्वनिमुद्रण तडीस नेणाऱ्या मरी मॅकलाक्लनला. दोन्ही पियानो कॉन्चेर्टो २०१२ मध्ये डॅनी ड्रायव्हरच्या वादनात, बीबीसीच्या स्कॉटिश ऑर्केस्ट्रासह प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून ते घरबसल्या ऐकता येतात.

पुस्तकाची प्रकरणं कालक्रमानं लावली आहेत, पण ऐकताना तो क्रम पाळू नये असं सुचवतो. आधी एखाद्या चांगल्या वादकानं वाजवलेलं निखळ पिब्रॉख ऐकावं, उर्लारपासून उर्लारपर्यंत. मग पहिला कॉन्चेर्टो. त्यानंतर ‘हिंदुस्थानी’. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या वाचकांना माझी वेगळी विनंती आहे. श्री ज्यांच्या गळ्यात आहे त्यांनी दुसरा भाग ऐकून आपलं मत मांडावं, प्रतिकूल असलं तरी मांडावं. पाश्चात्त्य समीक्षकांनी या कॉन्चेर्टोबद्दल लिहिलं आहे ते बार्टोकच्या मापानं. रागाच्या मापानं तो अजून कुणी नीट तपासलेला माझ्या वाचनात नाही.